नाव एक, जागा दोन

संगणकाच्या भाषेवरचा लेख कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु भाषाविज्ञानाच्या तासाला नाव आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी आपण जे ऐकतो, तोच प्रश्न ‘सी’ नावाच्या भाषेत अगदी रोकडा होऊन पुढे उभा राहतो. दोन ठिकाणी एकच नाव लिहिले, तर दोन्ही ठिकाणी एकाच वस्तूचा निर्देश होतो काय? बोलण्यात ह्याचे उत्तर संदर्भावरून मिळते. आमच्या गावात ‘पांडुरंग’ म्हटले की ‘कोणाचा?’ असा प्रश्न ठरलेला. मग वडिलांचे नाव आणि आडनाव येते व खुलासा होतो. संगणकाला असा संदर्भ कळत नाही, त्याला पत्ता लागतो. तो पत्ता कोण ठरवतो, केव्हा ठरवतो, ह्यावर एखाद्या माणसाची अब्रू कशी अवलंबून राहते ते मी गेल्या वर्षी जवळून पाहिले. तो प्रकार यथावकाश येईलच. आधी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे.

सी ही भाषा डेनिस रिची ह्यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली. ब्रायन कर्निघन आणि रिची ह्या दोघांचे तिच्यावरचे पुस्तक १९७८ साली निघाले. आज ज्या यंत्रणांवर जगातले बहुतेक संगणक चालतात, त्यांच्या गाभ्याशी ही भाषा आहे. तिच्यात ‘व्हेरिएबल’, म्हणजे चल, ही संगणकाच्या स्मृतीतील एक जागा असते. तिला आपण नाव देतो आणि तिच्यात एखादी किंमत ठेवतो. काही चल एखाद्या छोट्या कामापुरते जन्मतात आणि काम संपले की जातात. ते आपल्या कच्च्या वहीसारखे. काही मात्र प्रोग्रॅम सुरू असेपर्यंत टिकतात आणि प्रोग्रॅमच्या कोणत्याही भागाला वाचता-लिहिता येतात. ते आपल्या व्हरांड्यातील सूचना फलकासारखे. ह्या दुसऱ्या प्रकाराला ‘ग्लोबल व्हेरिएबल’ म्हणतात. मी त्यांना सार्वत्रिक चल म्हणेन.

मौज अशी की, सार्वत्रिक म्हटलेला हा चल वास्तविक किती सार्वत्रिक असतो, हे सी भाषा एकटी ठरवीत नाही. मोठा प्रोग्रॅम अनेक फाइलींत लिहिलेला असतो आणि कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचतो. दुसऱ्या फाइलीत काय आहे ह्याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून एका फाइलीत चलाला जागा देणारे वाक्य लिहायचे, आणि बाकीच्या फाइलींत ‘एक्स्टर्न’ हा शब्द लावून नुसती ओळख द्यायची: ‘ह्या नावाचा चल कोठेतरी आहे, जागा दुसऱ्याने दिली आहे.’ पुढे ‘लिंकर’ नावाचा प्रोग्रॅम सर्व तुकडे एकत्र जोडतो व त्या नावापुढे खरा पत्ता भरतो. जागा देणारी फाइल एकच असावी, हा नियम. युनिक्सच्या परंपरेत मात्र किंमत न देता दोन-तीन फाइलींत तेच नाव मांडले तरी लिंकर ते निमूटपणे एकत्र करीत असे. जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर २०२० साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीपासून ही सवलत आपण होऊन देत नाही, आणि त्या वर्षी कित्येक जुने प्रोग्रॅम अकस्मात जोडले जाईनासे झाले. सवलत गेली ते बरेच झाले असे माझे मत आहे.

याउलट ‘स्टॅटिक’ हा शब्द लावला तर ते नाव त्या फाइलीपुरतेच राहते. बाहेर त्याचा उच्चारही करता येत नाही. एखाद्याने असा स्टॅटिक चल सर्व फाइलींत समाविष्ट होणाऱ्या हेडर फाइलीत लिहिला, तर प्रत्येक फाइलीला आपापली निराळी जागा मिळते. नाव सर्वत्र तेच, आणि तक्रार कोणीही करीत नाही.

येथवर सर्व काही एकाच प्रोग्रॅमच्या पोटात चालले होते. खरा गुंता पुढे आहे. अक्षरे छापणे, वर्गमूळ काढणे अशी कामे हजारो प्रोग्रॅमना लागतात. त्यांचे तयार तुकडे ज्या संग्रहात ठेवतात त्याला लायब्ररी म्हणतात. पूर्वी लिंकर ह्या संग्रहातले लागतील ते तुकडे उचलून प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्यांची नक्कल घालीत असे. ही स्टॅटिक लायब्ररी. (वर आलेल्या स्टॅटिक ह्या शब्दाशी हिचा संबंध नाही. परिभाषा करणाऱ्यांनी एकच शब्द दोन ठिकाणी वापरून आपल्या विषयाला दाखलाच पुरवला आहे!) ह्या पद्धतीत डिस्क आणि स्मृती दोन्हींची उधळपट्टी होते, आणि लायब्ररीतील एक चूक दुरुस्त केली की सर्व प्रोग्रॅम नव्याने जोडावे लागतात. म्हणून दुसरी पद्धत आली: लायब्ररी वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि प्रोग्रॅम चालू होताना, किंवा चालू असताना, ती जोडून घ्यायची. ही डायनॅमिक लायब्ररी. विंडोजमध्ये ही सोय १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तेथे तिला डीएलएल म्हणतात. युनिक्सच्या घराण्यात सन कंपनीच्या सनओएस ४.० ह्या १९८८ सालच्या आवृत्तीने जी पद्धत रूढ केली, तिच्याच वळणावर आजचे लिनक्स चालते.

आता प्रश्न असा: एक प्रोग्रॅम आणि त्याला जोडलेल्या दोन डायनॅमिक लायब्रऱ्या, तिन्हींत ‘दर’ नावाचा सार्वत्रिक चल वापरला आहे. स्मृतीत जागा किती?

हे पुस्तकात वाचून पटत नाही, म्हणून आमच्या संगणक कक्षातील लिनक्सच्या यंत्रावर मी एक लहानसा प्रयोग करून पाहिला. एका फाइलीत ‘दर’ ह्या चलाला जागा दिली, किंमत ३४ ठेवली, आणि त्या फाइलीची स्टॅटिक लायब्ररी केली. मग तीच लायब्ररी आत घेऊन दोन डायनॅमिक लायब्रऱ्या बनवल्या. त्यांना आपण अ आणि ब म्हणू. अ दर बदलते, ब दर छापते. दोघीही चलाचा पत्ता छापतात. वरवर पाहता नक्कल दोघींच्या पोटात आहे, म्हणजे जागा दोन असायला हव्यात. अ ला सांगून दर ३६ केला आणि ब ला विचारले, तर तिनेही ३६ सांगितला. पत्ताही दोघींनी एकच छापला.

हे कसे घडते? लिनक्समध्ये लायब्ररी आपल्या सार्वत्रिक चलाकडे, तो स्वतःच्याच पोटातला असला तरी, सहसा थेट जात नाही. ती पत्त्यांचा एक तक्ता बाळगते, आणि प्रोग्रॅम सुरू होताना ‘लोडर’ तो तक्ता भरतो. लोडरची शोधण्याची रीत ठरलेली आहे: आधी मुख्य प्रोग्रॅम, मग जोडलेल्या लायब्रऱ्या क्रमाने. ज्याच्याकडे ते नाव प्रथम सापडेल त्याचा पत्ता सर्वांच्या तक्त्यात भरायचा. माझ्या प्रयोगात अ आधी जोडलेली होती, म्हणून तिची जागा सर्वांची झाली. ब च्या पोटातली जागा बांधलेली असूनही ओस पडली.

ह्याच रीतीतून एक विलक्षण प्रकार उद्भवतो. सी च्या मूळ लायब्ररीत ‘एसटीडी-आउट’ नावाचा सार्वत्रिक चल आहे. पडद्यावर काही छापायचे तर तो लागतो. मुख्य प्रोग्रॅम जुन्या रीतीने, म्हणजे ठरावीक पत्त्यावरच बसणारा असा केलेला असला, तर त्याला तक्त्यातून वळसा घेणे माहीत नसते. त्याला पत्ता आधीच हवा असतो. पण लायब्ररी कोठे बसणार हे तर प्रोग्रॅम सुरू झाल्यावर ठरणार! ह्यावर लिंकरने काढलेली तोड अशी: मुख्य प्रोग्रॅमच्याच आवारात त्या चलासाठी जागा राखून ठेवायची. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर लायब्ररीतली आरंभीची किंमत तेथे उतरवून घेतो, आणि लायब्ररीच्या तक्त्यात ह्या नव्या जागेचा पत्ता लिहितो. म्हणजे घरमालक आपले घर सोडून भाडेकरूच्या खोलीत राहायला येतो आणि आपली पत्रेही तेथेच मागवू लागतो. मात्र खोलीचे माप जोडणीच्या दिवशीच ठरलेले असते. पुढे लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत तो चल आकाराने वाढला, तर तो तेथे मावत नाही. लायब्ररीच्या कर्त्यांनी सार्वत्रिक चल उघडे ठेवू नयेत असे जाणते लोक म्हणतात, त्यातले एक कारण हे.

तर लिनक्समध्ये नाव एक तेथे जागा एक, असे समजून निश्चिंत व्हावे काय? मुळीच नाही. लोडर फक्त नाव पाहतो, चलाचा प्रकार पाहत नाही. दोन निरनिराळ्या लेखकांनी एकमेकांच्या अपरोक्ष लिहिलेल्या लायब्रऱ्यांत ‘काउंट’ नावाचा सार्वत्रिक चल असला, एकीत ओळींची मोजणी आणि दुसरीत माणसांची, तर दोन्ही मोजण्या एकाच जागेवर येऊन बसतात आणि एकमेकींना पुसत राहतात. येथे जागा दोन हव्या होत्या, मिळाली एक. शिवाय लायब्ररी चालू प्रोग्रॅममध्ये मागाहून आणि ‘हिची नावे इतरांना दाखवू नका’ अशी सूचना देऊन उघडली, तर हिशेब पुन्हा बदलतो. माझ्या प्रयोगात अ आणि ब तशा उघडल्या तेव्हा पत्ते दोन निघाले. कंपायलरला नावे झाकून ठेवण्याचा हुकूम केला तरीही दोनच निघाले. मॅक यंत्रणेने २००१ सालापासून वेगळीच वाट धरली आहे: तेथे चलाच्या नावाबरोबर तो कोणत्या लायब्ररीतला हेही जोडणीच्या वेळीच लिहून ठेवतात. ही आपल्याकडच्या आडनावासारखी व्यवस्था झाली, आणि मला तरी ती सर्वांत शहाणपणाची वाटते.

विंडोजमध्ये प्रत्येक डीएलएल हे एक बेट आहे. तिच्यातील नावे तिने स्वतः होऊन ‘एक्सपोर्ट’ केल्याखेरीज बाहेर कोणाला दिसत नाहीत, आणि ज्याला ती हवी त्याने ‘इम्पोर्ट’ असे स्पष्ट लिहावे लागते. फंक्शन, म्हणजे काम करून देणारा तुकडा, मागवायचा असेल तर हा शब्द विसरला तरी चालते; लिंकर मध्ये एक छोटा दुवा घालून निभावून नेतो. चलाच्या बाबतीत असा दुवा घालता येत नाही. आणि एकच स्टॅटिक लायब्ररी दोन डीएलएलमध्ये घातली, तर दोन नकला, दोन जागा. त्यांना एकत्र आणणारा कोणी नाही. माझा तोच प्रयोग विंडोजवर केला असता अ ने दर ३६ केला आणि ब ने शांतपणे ३४ छापला.

हे ३४ आणि ३६ मी उगीच घेतलेले नाहीत. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर माझा चुलतभाऊ संगणक सांभाळतो. दूध मोजले, फॅट आणि एसएनएफ लागले की संगणक दर काढतो, उत्पादकाला पावती देतो आणि तेच दूध खात्यावर मांडतो. दर दहा दिवसांनी खात्यावरून बिल निघते. गेल्या वर्षी एका सायंकाळी, रांग लागलेली असतानाच, फोन आला की फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ ला मूळ दर दोन रुपयांनी वाढवा. दादाने तेथल्या तेथे ३४ चे ३६ केले. पुढच्या सर्व पावत्या नव्या दराने निघाल्या. बिले वाटली त्या दिवशी एक म्हातारी, जी सगळ्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवते, ती नातवाकडून बेरीज करवून आली. “चिठ्ठीवर येक आन् बिलात दुसरंच कसं रं बाळा?” तिचे नऊ लिटर दूध होते, फरक अठरा रुपयांचा. पण बघता बघता दहा-बारा जणांच्या पावत्या निघाल्या आणि सर्वांच्याच बिलात रक्कम कमी भरली. अठरा रुपयांसाठी नव्हे, परंतु मधले पैसे कोणी खाल्ले ह्यासाठी चावडीवर दादाचे नाव घेतले जाऊ लागले. माझे चुलते तर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

प्रोग्रॅम लिहून देणारे तालुक्याच्या गावचे गृहस्थ येऊन तपासून गेले. त्यांनी दर बदलला, प्रोग्रॅम बंद करून चालू केला, पावती आणि खाते दोन्ही बिनचूक. ‘यंत्रात दोष नाही’ म्हणाले. ह्याचा अर्थ गावाने काय घेतला असेल, तो वाचकांनी ताडावा. दुसऱ्या खेपेस मात्र त्यांनी दादाचे म्हणणे नीट ऐकून घेतले: दर बदलला तेव्हा प्रोग्रॅम चालूच होता. मग त्यांनी आपल्या मूळ फाइली उघडल्या. मी शेजारी बसून पाहत होतो. पावती छापण्याची डीएलएल वेगळी, खाते मांडण्याची वेगळी, आणि दराचा चल दोहोंत घातलेल्या एका स्टॅटिक लायब्ररीत. प्रोग्रॅम सुरू होताना दोन्ही नकला डिस्कवरच्या एकाच फाइलीतून दर वाचीत, त्यामुळे सकाळी दोघींचे एकमत असे. चालू कामात दर बदलला की पावतीची नक्कल बदले, खात्याची तशीच राही. आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू झाले की पुरावाच नाहीसा होई. त्यांनी दोन्हींकडून पत्ते छापून पाहिले. ते निराळे निघाले तेव्हा ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी केंद्रावर येऊन चार लोकांदेखत दोष आपल्या प्रोग्रॅमचा असल्याचे सांगितले, हे येथे नमूद केले पाहिजे. पैसे पुढच्या बिलात जमा झाले.

दुरुस्ती दोन प्रकारे करता आली असती. एक, चलाला एकाच डीएलएलमध्ये जागा द्यायची, ती एक्सपोर्ट करायची आणि बाकीच्यांनी इम्पोर्ट करायची. हे नियमाला धरून आहे. त्यांनी दुसरा मार्ग घेतला आणि मला तोच अधिक पसंत आहे. त्यांनी दराची म्हणून एक स्वतंत्र डीएलएल केली, चल तिच्यात स्टॅटिक करून झाकून टाकला, आणि बाहेर दोनच फंक्शने ठेवली: एक दर सांगणारे, एक दर बदलणारे. ज्याला दर हवा त्याने मागावा. हात घालून घेऊ नये. ह्यात नक्कल होण्याची वाटच उरत नाही. शिवाय बदलणारे फंक्शन हे एकच दार असल्यामुळे तेथे पहारा बसवता येतो: शून्य किंवा उणे दर नाकारणे, बदल केव्हा झाला त्याची वेळ लिहून ठेवणे. दर वेळी फंक्शनला विचारण्यात वेळ जातो अशी शंका काही जण काढतात. नऊ लिटर दूध काट्यावर स्थिरावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते फंक्शन कोट्यवधी वेळा उत्तर देऊन मोकळे होईल.

एका गैरसमजाचा उल्लेख येथेच करतो. एकच डायनॅमिक लायब्ररी दोन चालू प्रोग्रॅम वापरीत असले, तर तिचे सार्वत्रिक चलही दोघांत सामायिक असतील असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. लायब्ररीतील हुकूम स्मृतीत एकदाच ठेवून सर्वांना वापरू देतात; चलांची मात्र ज्याची त्याला वेगळी प्रत मिळते. विंडोजच्या जुन्या, १६ बिटांच्या आवृत्त्यांत खरोखरच सर्वांना मिळून एक प्रत असे, आणि एका प्रोग्रॅमने केलेली घाण दुसऱ्याच्या अंगावर येई. १९९३ च्या विंडोज एनटीपासून ते बंद झाले. आज दोन प्रोग्रॅमना एकच जागा हवी असेल तर तसे यंत्रणेकडे वेगळे मागावे लागते.

राहता राहिला सी मधला सर्वांत प्रसिद्ध सार्वत्रिक चल. त्याचे नाव ‘एरनो’. यंत्रणेकडे मागितलेले काम फसले तर का फसले त्याचा क्रमांक ह्या चलात येऊन पडतो. पुष्कळ वर्षे तो साधा, सर्वांना उघडा असा पूर्णांक होता. पुढे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे समांतर चालवण्याची पद्धत आली. अशा प्रत्येक कामाला धागा म्हणतात. मग पंचाईत झाली: एका धाग्याचे काम फसले, त्याने कारण वाचण्याआधीच दुसऱ्या धाग्याने त्याच जागी आपले कारण लिहून टाकले. येथे जागा एक असणे हाच दोष ठरला. ज्यांनी हजारो प्रोग्रॅममध्ये ‘एरनो’ लिहून ठेवले होते त्यांना ते बदलायला सांगणे शक्य नव्हते. म्हणून नाव ठेवले आणि त्यामागची वस्तू बदलली. आज लिनक्सवर ‘एरनो’ लिहिले की पडद्याआड एक फंक्शन हाकारले जाते, आणि ते विचारणाऱ्या धाग्याच्या स्वतःच्या जागेचा पत्ता देते. विंडोजवरही असेच आहे. फक्त तेथे दोन डीएलएलनी सी ची मूळ लायब्ररी आपापल्या पोटात घेतली असेल, तर ‘एरनो’ही दोन्हींत वेगवेगळे राहतात, आणि एकीने घेतलेली स्मृती दुसरीने परत करू गेल्यास प्रोग्रॅम कोसळू शकतो. प्रोग्रॅममध्ये दहा धागे चालू असतील तर ‘एरनो’ ह्या एका नावाच्या दहा जागा असतात, आणि ह्या वेळी त्या तशा असाव्यात असे ठरवूनच केलेले आहे.